कातळातील खोरे आणि गाळाचा प्रदेश : दोन किनाऱ्यांचे अर्थकारण

(तंजावूर येथे मराठीभाषक श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिरासमोर उभा राहणारा प्रवासी प्रथम शिखराची उंची पाहतो. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र तेथे आणखी एक प्रश्न पडावयास हवा : हा दगड आला कोठून? राजराज चोळाच्या कारकिर्दीत, इ. स. १०१० मध्ये पूर्ण झालेले हे मंदिर ग्रॅनाइटचे आहे आणि ज्या कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात ते उभे आहे, त्या प्रदेशात दगड नाही. तेथे माती आहे, गाळ आहे, वाळू आहे. मंदिराचा प्रत्येक चिरा बाहेरून आणावा लागला. दगड विकत घेणारा आणि माती विकून श्रीमंत होणारा असा हा मुलूख होय.

याच मंदिराच्या आवारात मराठी भाषेतील एक प्रदीर्घ शिलालेख आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तेथे कोरवून घेतला. ज्या घराण्याची मुळे सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्या मुलखात होती, त्याने आपली हकिकत कावेरीकाठी, बाहेरून आणलेल्या दगडावर लिहिली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांपासून सुरू झालेली ही सत्ता १८५५ मध्ये संपुष्टात आली. परंतु मराठी बोलणारी कुटुंबे आणि सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रे आजही येथे आहेत. त्यामुळे तंजावूरच्या मराठीभाषकांपुढे दोन किनाऱ्यांची तुलना मांडणे अप्रस्तुत ठरू नये. एक किनारा नदीने आणलेल्या गाळाचा, दुसरा ज्वालामुखीच्या दगडातून नदीने कोरून काढलेल्या खोऱ्यांचा. पहिल्याला देशाच्या नियोजनात अग्रक्रम मिळाला. दुसऱ्यासाठी योग्य असे नियोजन अद्याप पुरतेपणी घडलेले नाही. याचे कारण बऱ्याच अंशी भूरूपात दडलेले आहे.

पायऱ्यांचा दगड

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हारस वारंवार बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. आज उरलेल्या या बेसाल्ट खडकाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापलेले आहे. पश्चिमेकडे, म्हणजे सह्याद्रीच्या बाजूला, या थरांची जाडी सर्वाधिक आहे. भूशास्त्रज्ञ या खडकांना 'ट्रॅप' म्हणतात. हा शब्द जिन्याची पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. सह्याद्रीचा कोणताही कडा दुरून पाहिला की या नावाची सार्थकता पटते.

पायऱ्या निर्माण होण्याचे कारण साधे आहे. लाव्हाच्या प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, भरीव व अभंग असतो, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झालेला असतो. दोन उद्रेकांच्या दरम्यान बराच काळ गेला असेल, तर त्यांच्या मध्ये तांबड्या मातीचा पातळ पट्टाही सापडतो. पाऊस, ऊन आणि वारा यांच्या माऱ्यात सच्छिद्र भाग लवकर झिजतो, भरीव भाग टिकून राहतो. टिकलेला भाग कड्याच्या रूपाने उभा दिसतो आणि झिजलेल्या भागाचा उतार होतो. सह्याद्रीतील बहुतेक किल्ले अशा झीज न झालेल्या माथ्यांवर वसलेले आहेत. रायगड हे त्याचे ठळक उदाहरण होय.

याखेरीज लाव्हारस काही ठिकाणी जुन्या थरांतील उभ्या भेगांतच थिजला. त्यातून खडकाच्या उभ्या भिंती तयार झाल्या. भूशास्त्रात त्यांना 'डाइक' म्हणतात. ठाणे व रायगड जिल्ह्यांच्या किनारपट्टीवर अशा भिंती मोठ्या संख्येने असून त्यांतील अनेक दक्षिणोत्तर पसरलेल्या आहेत. जेथे ही भिंत आजूबाजूच्या खडकाहून कणखर असते, तेथे ती टेकडीच्या कण्यासारखी वर उरते आणि नदी तिला ओलांडताना अरुंद होते.

अशा खडकात कोरलेली खोरी समुद्राला मिळतात तेथे तिसरी प्रक्रिया घडली. गेल्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती. त्या काळात नद्यांनी आपली पात्रे खोल कापली. पुढे बर्फ वितळून समुद्र वर आला आणि त्याने या खोऱ्यांच्या मुखात प्रवेश केला. कोकणच्या खाड्या म्हणजे अशी बुडालेली खोरी होत. त्यांच्या दोन्ही बाजूंना टिकून राहिलेल्या कातळाची भूशिरे समुद्रात घुसलेली दिसतात. आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावर किंवा हवाई बेटांवरही ज्वालामुखीच्या खडकाने घडविलेले किनारे आहेत. मात्र कोकणातील खोऱ्यांएवढी दाट आणि जुनी वस्ती अशा भूरूपात क्वचितच आढळते.

सावित्रीचे खोरे

या भूरूपाचा नमुना म्हणून रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांच्या सीमेवरील सावित्री नदीचे खोरे घेता येईल. महाबळेश्वरच्या पठारावर पाच नद्यांचा उगम मानला जातो. त्यांपैकी कृष्णा पूर्वेकडे वळते आणि सुमारे चौदाशे किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेकडे उडी घेते. महाबळेश्वरपासून महाडपर्यंतचे सरळ अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे आणि तेवढ्या अंतरात भूमी तेराशे मीटरच्या आसपास खाली उतरते. पुढे नदी खाडीचे रूप घेते. भरतीचे पाणी महाडच्या जवळपर्यंत चढते. अखेर हरिहरेश्वर आणि बाणकोट यांच्या दरम्यान ती समुद्राला मिळते.

तुलनेसाठी कावेरी पाहावी. कोडगूमधील तळकावेरीपासून निघालेली ही नदी सुमारे आठशे किलोमीटर वाहते. तिचे खोरे ८१ हजार चौरस किलोमीटरहून मोठे आहे. तंजावूर शहर समुद्रसपाटीपासून साठ मीटरहूनही कमी उंचीवर वसलेले असून तेथून समुद्रापर्यंतचा उतार डोळ्यांना जाणवतही नाही. सपाट आणि मऊ भूमीत नदीला फाटे फुटतात, पात्रे बदलतात आणि गाळ पसरतो. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी कोळ्ळिडम हा कावेरीचा फाटा खोल होत जाऊन मुख्य कावेरीचे पाणी ओढून घेऊ लागला होता. आर्थर कॉटन यांनी १८३६ च्या सुमारास कोळ्ळिडमवर बंधारा घालून ते पाणी पुन्हा कावेरीकडे वळविले. त्याच्याही शेकडो वर्षे आधी करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा कल्लणै बंधारा उभा राहिला होता. गाळाच्या प्रदेशात नदीला वळविता येते आणि वळविलेले पाणी गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर दूरवर नेता येते. कातळाच्या खोऱ्यात नदी हलत नाही आणि तिच्या शेजारी पाणी पसरविण्याजोगी भूमीही नसते.

या एका फरकातून दोन निराळ्या अर्थव्यवस्था उभ्या राहिल्या. तंजावूरमध्ये कुरुवै, सांबा आणि ताळडी असे भाताचे हंगाम आहेत. सावित्रीच्या खोऱ्यात खोऱ्याच्या तळाशी भाताची खाचरे, उतारावर वरकस जमीन, त्यावर सडा किंवा डोंगरमाथा आणि खाली खाडीकाठी खार अशी जमिनीची उतरंड आहे. प्रत्येक पट्ट्याचा उपयोग, हक्क आणि उत्पन्न वेगळे. एकाच कुटुंबाची जमीन या तीन-चार पट्ट्यांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली असते. अशा ठिकाणी हेक्टर हे मोजमाप फारसे काही सांगत नाही. ती जमीन कोणत्या पायरीवर आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

पाणी असणे आणि पाणी मिळणे

महाराष्ट्राच्या एकूण क्षेत्रापैकी कोकणाचा वाटा सुमारे १० टक्के आहे, परंतु राज्यातील नद्यांच्या पाण्यापैकी ४५ टक्क्यांच्या आसपास पाणी कोकणात वाहते. तरीही एप्रिल-मे महिन्यांत वाड्यावस्त्यांवर टँकर फिरतात. बाहेरच्या माणसाला हे कोडे वाटते. भूरूप समजून घेतले की त्याचा उलगडा होतो. भरीव बेसाल्टमध्ये पाणी मुरण्यास जागा थोडी. जे मुरते ते भेगांत आणि तांबड्या मातीच्या पट्ट्यांवर अडते, झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते आणि पावसाळा संपल्यावर काही महिन्यांत आटते. उरलेले पाणी तीव्र उतारावरून काही तासांत खाडीला मिळते. तंजावूरचे वार्षिक पर्जन्यमान सुमारे १००० मिलिमीटर, तर महाबळेश्वरचे ५००० मिलिमीटरहून अधिक. पण पडलेला पाऊस आणि हाती लागलेले पाणी या दोन भिन्न गोष्टी आहेत.

या संदर्भात दोन आकडे शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरेल. कावेरीच्या पाण्याच्या तंट्यासाठी १९९० मध्ये लवाद नेमला गेला. त्याने २००७ मध्ये तामिळनाडूला ४१९ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी दिले. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी तो वाटा ४०४.२५ टीएमसी केला. पावणेपंधरा टीएमसीच्या या फरकाने त्रिभुज प्रदेशातील शेतकऱ्यांत चिंता पसरली. दुसरीकडे, कृष्णा पाणी तंटा लवादाने कोयनेचे ६७.५ टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळविण्यास मान्यता दिली आहे. हे पाणी सह्याद्रीचा कडा उतरताना वीज देते, कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठी नदीत येते आणि त्याचा फार मोठा भाग चिपळूणवरून समुद्रात जातो. एका किनाऱ्यावर पंधरा टीएमसीसाठी न्यायालयाचे दार ठोठावले जाते. दुसऱ्या किनाऱ्यावर त्याच्या चौपटीहून अधिक पाणी, वीज दिल्यानंतर, वापराविना वाहून जाते. अशा प्रश्नावर घाईने उत्तर काढू नये. ते पाणी उचलून नेण्याचा खर्च, ते साठविण्याची जागा आणि मूळ खोऱ्यातील लोकांचा हक्क या साऱ्यांचा हिशेब त्यात येतो. पण हा हिशेब मांडला गेला पाहिजे, एवढे निश्चित.

पाणी असणे आणि ते मिळणे यांतील अंतर केवळ निसर्गाने निर्माण केलेले नाही. सावित्रीच्या खोऱ्यातील महाड येथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा तळ्यात पाणी मुबलक होते. त्यावर हक्क मात्र सर्वांना नव्हता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी ते मुंबईहून बोटीने निघाले आणि खाडीतील दासगाव बंदरावर उतरून महाडला गेले. खाडीचा जलमार्ग हाच त्या काळात या खोऱ्याचा राजरस्ता होता. जलसंपत्तीच्या चर्चेत महाडचे नाव पुसता येणार नाही. भूशास्त्र पाण्याची मर्यादा ठरविते, त्या मर्यादेच्या आत वाटप कसे व्हावे हे समाज ठरवितो.

खार, बांध आणि कूळ

खाडीच्या दोन्ही काठांवर भरतीच्या पाण्यात बुडणारी जमीन बांध घालून लागवडीखाली आणण्याची रीत कोकणात जुनी आहे. मातीचा बांध समुद्राचे पाणी अडवितो. बांधात ठेवलेली उघाडी ओहोटीच्या वेळी आतले पावसाचे पाणी बाहेर सोडते आणि भरतीच्या वेळी बंद राहते. पहिल्या पावसाने मातीतील क्षार धुतले गेले की भाताची पेरणी होते. ही व्यवस्था नाजूक असते. एका शेतकऱ्याने आपल्या वाट्याचा बांध बांधला नाही, तर साऱ्या खारीत खारे पाणी शिरते. म्हणून बांधाची निगा सामुदायिक श्रमाने राखली जाई.

तंजावूरच्या श्रोत्यांना येथे आपल्याकडील 'कुडिमरामत्तु'ची आठवण होईल. तळी, पाट व बांध यांची दुरुस्ती गावाने मिळून करण्याची ही तमिळ प्रथा आहे. दोन्ही किनाऱ्यांवर या प्रथांचे पुढे सारखेच झाले. मालकीचे संबंध विषम असतील तर सामुदायिक श्रमाचे वेठबिगारीत रूपांतर होण्यास वेळ लागत नाही. कोकणात खोत आणि कूळ यांच्या संघर्षातून १९३३ मध्ये अलिबागजवळील चरी येथे शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो सुमारे सहा वर्षे चालला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती निर्मूलनाचे विधेयक मांडले आणि स्वातंत्र्यानंतर खोती नष्ट झाली. त्या वेळच्या तंजावूर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे २५ डिसेंबर १९६८ रोजी मजुरीच्या वादातून ४४ दलित स्त्री-पुरुष व बालके जाळून मारली गेली. देशाचे भाताचे कोठार म्हणून गौरविल्या गेलेल्या भूमीवरील ही घटना होय. उत्पादन वाढले म्हणजे त्याचे वाटप आपोआप न्याय्य होते, हा समज तिने कायमचा खोटा ठरविला.

खारजमिनीसाठी मुंबई राज्यात १९४८ मध्ये आणि महाराष्ट्रात १९७९ मध्ये कायदे झाले. बांधांची जबाबदारी क्रमाने शासनाकडे आली. कुळे मालक झाली, हे मोठेच सामाजिक यश होते. मात्र वेठ संपली तेव्हा तिच्या जागी स्वेच्छेच्या सहकार्याची नवी संस्था उभी राहिली नाही. फुटलेला बांध वेळेवर दुरुस्त झाला नाही की जमीन दोन-तीन हंगामांत नापीक होते आणि हळूहळू तेथे कांदळवन वाढते. कांदळवन किनाऱ्याचे रक्षण करते व मासळीला आसरा देते. त्याचे संरक्षण आवश्यकच आहे. पण ज्याच्या सातबाऱ्यावर ती जमीन भातशेती म्हणून नोंदलेली आहे, त्याचे नुकसान कोणी भरून द्यावयाचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. पर्यावरणाचा लाभ साऱ्या समाजाला आणि त्याची किंमत एका शेतकऱ्याला, ही वाटणी न्याय्य म्हणता येणार नाही.

उतारावरची वस्ती

कातळाच्या खोऱ्याची सर्वांत जड किंमत उतारावर राहणारी माणसे मोजतात. भरीव खडकाच्या उतारावर झिजलेल्या मुरुमाचा व मातीचा थर बसलेला असतो. अतिवृष्टीत पाणी या थरात मुरते, पण खालच्या खडकात शिरू शकत नाही. पाण्याने जड झालेला थर खडकावरून सुटतो आणि खाली येतो. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहण व कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि शंभराहून अधिक माणसे मृत्यूमुखी पडली. २२ जुलै २०२१ रोजी त्याच तालुक्यातील तळिये गावाची वाडी दरडीखाली गेली आणि ऐंशीहून अधिक जीव गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातीलच इर्शाळवाडी या आदिवासी वस्तीवर तोच प्रसंग ओढवला.

खोऱ्याच्या तळाशी दुसरे संकट असते. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वर येथे चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. ते पाणी काही तासांत महाडपर्यंत उतरले. खाडीला भरती असली की अशा पुराला वाट राहत नाही आणि तो बाजारपेठेत शिरतो. वाशिष्ठीकाठच्या चिपळूणचीही त्या दिवशी हीच अवस्था झाली. त्यापूर्वी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्रीचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर प्रवाशांनी भरलेल्या एसटीच्या दोन बस गेल्या. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. इच्छा असेल तर काम किती वेगाने होऊ शकते, याचे ते उदाहरण आहे. पूल नवा करता येतो. उतारावरील गावाला सुरक्षित जागा देण्याचे काम मात्र बहुधा दुर्घटनेनंतरच सुरू होते.

माणसे अशा उतारावर का राहतात, हा प्रश्न दुर्घटनेनंतर हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर जमिनीच्या उतरंडीत आहे. सपाट जमीन थोडी, म्हणून ती भातासाठी राखावी लागते. झरा जेथे निघतो तेथे घर बांधावे लागते. आणि झरा निघतो तो तांबड्या मातीच्या पट्ट्यापाशी, म्हणजे खडकाच्या दोन थरांच्या सांध्यावर. पाण्याची जागा आणि धोक्याची जागा पुष्कळदा एकच असते. गरीब कुटुंबाला यात निवडीला वाव नसतो.

शेतीतून पोट भरत नसल्याने कोकणातील तरुण पिढ्यान्पिढ्या मुंबईला गेले. गिरण्यांच्या मजुरीतून आलेल्या मनीऑर्डरवर खोऱ्यातील घरे चालली. १९८२ च्या गिरणी संपानंतर तो आधारही क्षीण झाला. रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीची योजना १९९० मध्ये सुरू झाली आणि वरकस जमिनीवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. उताराला अनुरूप असे हे नियोजन होते, म्हणूनच ते रुजले. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. परंतु बाग ज्याची जमीन त्याची. भूमिहीनाच्या वाट्याला राखण आणि तोडणीची मजुरीच येते.

नियोजनाचे एकक

सघन कृषी जिल्हा कार्यक्रमासाठी १९६० च्या सुमारास देशातील पहिले जिल्हे निवडले गेले, त्यांत तंजावूरचा समावेश होता. निवडीचा निकष स्पष्ट होता : पाण्याची हमी असलेल्या भूमीत भांडवल घातल्यास उत्पादन सर्वाधिक वाढेल. आडुतुरै येथील १९२२ पासूनचे भात संशोधन केंद्र, मेट्टूर धरणाचे १९३४ पासूनचे पाणी आणि हा कार्यक्रम यांच्या संयोगाने अन्नधान्याच्या टंचाईच्या काळात देशाला आधार मिळाला. तो निर्णय त्या परिस्थितीत योग्यच होता. मात्र त्याच निकषाची पुढे सवय झाली. सिंचन म्हणजे धरण, कालवा आणि लाभक्षेत्र, हे समीकरण रूढ झाले. ते सपाट भूमीसाठी तयार झालेले होते. कातळाच्या खोऱ्यात ते लावले की प्रकल्प महाग ठरतो, लाभक्षेत्र तुटपुंजे दिसते आणि खोरे 'अव्यवहार्य' या शिक्क्यासह मागे पडते.

रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाने १८१७ मध्ये जमिनीच्या मूळ आणि अविनाशी गुणांवर खंडाचा सिद्धान्त उभारला. तंजावूरची माती पाहिली तर तिचे गुण मूळचे नाहीत, ते वरच्या खोऱ्यांतून वाहून आलेले आहेत. अविनाशीही नाहीत. धरणांनी गाळ अडविला, वाळूचा बेसुमार उपसा झाला आणि किनाऱ्यालगतच्या विहिरींत खारे पाणी शिरू लागले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने शेजारच्या नागपट्टिनम जिल्ह्यात हजारो बळी घेतले आणि शेतात खारे पाणी भरले. नोव्हेंबर २०१८ च्या गज चक्रीवादळाने पट्टुक्कोट्टै परिसरातील नारळाच्या बागा आडव्या केल्या. तामिळनाडू शासनाने २०२० मध्ये त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषी विभागाचा दर्जा दिला, तो या भूमीच्या नाशवंतपणाची कबुलीच म्हणावी लागेल.

म्हणून दोन्ही किनाऱ्यांना परस्परांकडून घेण्याजोगे बरेच आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्याशी जुळवून शेती कशी करावी, याचा अनुभव कोकणाजवळ आहे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती विकसित केल्या आहेत. बांध आणि उघाडीचे साधे तंत्र त्रिभुज प्रदेशाच्या सखल टोकालाही उपयुक्त ठरू शकेल. उलटपक्षी, वरच्या टोकाचा आणि शेवटच्या टोकाचा शेतकरी एकाच पाण्याचे भागीदार आहेत, ही जाणीव कावेरीच्या खोऱ्यात जेवढी मुरलेली आहे तेवढी कोकणात नाही. तामिळनाडूने २०१७ मध्ये कुडिमरामत्तु ही प्रथा शासकीय योजनेच्या रूपाने पुन्हा सुरू केली. तिच्या यशापयशाचा अभ्यास कोकणच्या खारबांधांसाठी मोलाचा ठरेल.

कोकणासाठी नियोजनाचे एकक तालुका किंवा लाभक्षेत्र न राहता घाटमाथ्यापासून खाडीच्या मुखापर्यंतचे संपूर्ण खोरे असावयास हवे. सावित्रीचा माथा सातारा जिल्ह्यात, मधला भाग रायगडमध्ये आणि मुखाचा एक काठ रत्नागिरीत आहे. पाऊस एका जिल्ह्यात मोजला जातो, पूर दुसऱ्यात येतो. माथ्यावरील पावसाचे आकडे आणि खाडीच्या भरतीचे वेळापत्रक एकत्र वाचून महाडला काही तास आधी इशारा देणे ही खर्चाच्या दृष्टीने क्षुल्लक, परंतु परिणामाच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. उतारांचे धोक्यानुसार वर्गीकरण करून दुर्घटनेपूर्वी स्थलांतराची तरतूद करणे हा दुसरा टप्पा. झऱ्यांचे संरक्षण, ओढ्यांवरील वनराई बंधारे आणि खडकातील उभ्या भिंतींचा शोध हा तिसरा. अशी अभंग भिंत भूमीखाली नैसर्गिक बंधाऱ्याचे काम करते आणि तिच्या वरच्या अंगाला विहिरीला पाणी टिकते. भिंत भेगाळलेली असेल तर तीच पाणी वाहून नेते. म्हणून प्रत्येक ठिकाणी स्थानिक पाहणी आवश्यक ठरते. ही लहान, विखुरलेली कामे आहेत. त्यांचा लाभ प्रति हेक्टर क्विंटलमध्ये मोजता येत नाही. तो वाचलेल्या पायपिटीत, टळलेल्या स्थलांतरात आणि वाचलेल्या जिवांत मोजावा लागतो. आपल्या प्रकल्प मूल्यमापनाच्या पद्धतीत या मोजमापांना स्थान मिळाले पाहिजे.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला खडक धोरणाच्या इच्छेनुसार बदलणार नाही. धोरण मात्र खडकाप्रमाणे आखता येते. चोळांनी कावेरीच्या स्वभावाप्रमाणे बंधारा घातला, म्हणून तो शतकानुशतके उपयोगी पडला. कोकणच्या पूर्वजांनी भरती-ओहोटीच्या स्वभावाप्रमाणे उघाडी ठेवली, म्हणून खारीत भात पिकला. भूमीचा स्वभाव जाणणारे नियोजन स्वस्त पडते आणि टिकते. सावित्रीच्या खोऱ्यातील पुढचा पावसाळा येण्यापूर्वी ज्या वाड्या उतारावर आहेत, त्यांच्यासाठी हा विचार आज होणे अगत्याचे आहे.